पाणी तपासणारा संच कोण तपासणार?

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ सालच्या भूजल गुणवत्ता अहवालात, नायट्रेटचा प्रश्न सर्वांत तीव्र असलेल्या देशातील पंधरा जिल्ह्यांची यादी आहे. त्यात महाराष्ट्रातील सात जिल्हे आहेत आणि वर्धा हा त्यांपैकी एक. महाराष्ट्रात तपासलेल्या नमुन्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक नमुन्यांत नायट्रेटचे प्रमाण लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त आढळले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाने (आय.एस. १०५००) घालून दिलेली मर्यादा हीच आहे. क्लोराइड किंवा कठीणपणा यांच्याबाबतीत दुसरे पाणी नसेल तर थोडी सूट मिळते. नायट्रेटला ती नाही.

वर्ध्यातील बहुतेक विहिरी काळ्या बेसाल्टच्या भेगांतले उथळ पाणी उपसतात. वरच्या शेतातला युरिया, विहिरीजवळचा उकिरडा, गोठा, शोषखड्डा या सर्वांतला नायट्रोजन पावसाबरोबर खाली झिरपतो आणि नायट्रेटच्या रूपात विहिरीत उतरतो. या पाण्याला रंग नसतो, वास नसतो, चवही बदलत नाही. उकळले तर नायट्रेट जात नाही; पाणी आटल्यामुळे उलट थोडे वाढते. अमेरिकेतील आयोवा राज्यात कोम्ली या डॉक्टरांनी १९४५ साली दाखवून दिले की शेतावरच्या विहिरीचे पाणी घालून केलेल्या दुधावर वाढणारी तान्ही मुले निळी पडत होती. नायट्रेटपासून तयार होणारे नायट्राइट रक्तातील हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घालवते, हे त्याचे कारण.

म्हणजे इथे डोळे, नाक, जीभ काहीच उपयोगी नाही. उपयोगी आहे ते फक्त उपकरण. म्हणूनच त्या उपकरणाची परखड समीक्षा व्हायला हवी असे आम्हाला वाटते.

खेड्यापाड्यांत आज पोचलेले उपकरण म्हणजे पाणी तपासणीचा संच, ज्याला गावात सरळ ‘किट’ म्हणतात. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने प्रत्येक गावातील पाच महिलांना असा संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्याचे ठरवले. सामू, कठीणपणा, क्लोराइड, लोह, फ्लुओराइड, नायट्रेट, उर्वरित क्लोरीन अशा चाचण्या त्यात होतात. या कल्पनेचे मोल कमी लेखू नये. पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत जाऊन अहवाल परत येईपर्यंत गाव तेच पाणी पीत असते. आपल्या विहिरीचे पाणी आपणच तपासायचे, ही गोष्ट लोकांना पाण्याविषयी बोलते करते. आमची टीका संचावर नाही. संच देऊन काम संपले असे मानण्यावर आहे.

आधी नायट्रेटची चाचणी कशी चालते ते पाहू. नळीतल्या पाण्यात जस्ताची किंवा कॅडमियमची पूड असलेला अभिकारक टाकतात. तो नायट्रेटचे नायट्राइट करतो. मग दुसऱ्या अभिकारकामुळे गुलाबी रंग येतो. एकोणिसाव्या शतकात पीटर ग्रीस या रसायनशास्त्रज्ञाने शोधलेली ही अभिक्रिया आहे. नायट्रेट जितके जास्त तितका रंग गडद. तो रंग छापील पट्टीशी जुळवायचा आणि समोरचा आकडा लिहायचा.

सोपे वाटते; पण चुका कुठे शिरतात ते पाहा. पूड कमी पडली तर सगळ्या नायट्रेटचे नायट्राइट होत नाही आणि रंग फिका येतो. रंग चढायला वेळ लागतो, त्यामुळे दोन मिनिटांनी पाहिले तर एक उत्तर आणि दहा मिनिटांनी पाहिले तर दुसरे. उन्हात आणि ट्यूबलाइटखाली तीच छटा वेगळी दिसते. विदर्भातल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत राहिलेला अभिकारक मुदतीआधीच निकामी होऊ शकतो, आणि निकामी अभिकारक रंग देत नाही. रंग आला नाही म्हणजे पाणी चांगले, असेच वाचले जाते.

सर्वांत मोठा खड्डा एककाचा आहे. काही पट्ट्यांवर आकडा ‘नायट्रेट’ म्हणून असतो, तर काहींवर ‘नायट्रेटमधील नायट्रोजन’ म्हणून. ६२ ग्रॅम नायट्रेटमध्ये नायट्रोजन फक्त १४ ग्रॅम असतो. म्हणजे ४५ मिलिग्रॅम नायट्रेट आणि सुमारे १० मिलिग्रॅम नायट्रोजन ही एकच गोष्ट झाली. नायट्रोजनच्या पट्टीवर २० वाचून ‘४५ च्या आत आहे, ठीक आहे’ असे लिहिणाऱ्याने जवळजवळ ८९ मिलिग्रॅम नायट्रेटचे पाणी पिण्यायोग्य ठरवले. मर्यादेच्या दुप्पट! आणि हात कुठेही चुकला नाही, डोळाही चुकला नाही.

यावर उत्तर मिळेल की संच फक्त प्राथमिक चाळणीसाठी आहे. दोष आढळलेला नमुना प्रयोगशाळेत पक्का करून घेतात. पद्धत खरोखर तशीच ठरवलेली आहे. पण नेमकी इथेच आमची मुख्य हरकत आहे. एक उदाहरण घेऊ. समजा एका गावात २० विहिरी आहेत आणि त्यांपैकी ७ विहिरींत नायट्रेट मर्यादेबाहेर आहे. संचाने या ७ पैकी २ विहिरी चुकून ‘चांगल्या’ ठरवल्या आणि १३ चांगल्यांपैकी २ चुकून ‘वाईट’ ठरवल्या. आता ५ अधिक २ असे सात नमुने प्रयोगशाळेत जातील. तिथे २ निर्दोष निघतील आणि ५ विहिरींवर लाल खूण होईल. उरलेल्या दोन वाईट विहिरींचे काय? त्यांचा नमुना कुठेच गेला नाही. गाव ते पाणी पीत राहील, तेही तपासल्याच्या समाधानात.

चुकीचा इशारा प्रयोगशाळेत दुरुस्त होतो. चुकीचा दिलासा दुरुस्त व्हायला वाटच नसते. शिवाय प्रयोगशाळेला संचाची एकच चूक दिसते, ती म्हणजे उगाच घाबरवण्याची. त्यामुळे ‘किट जरा जास्तच कडक आहे’ असा समज पसरण्याचा धोका आहे, आणि खरी स्थिती कदाचित उलट असेल.

हाच प्रश्न जंतूंच्या चाचणीबाबतही आहे. १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील मांजा, मौर्य आणि राव यांनी एक अतिशय सुटसुटीत बाटली तयार केली. बाटलीत पोषकद्रव्य आणि लोहाचा क्षार शोषलेला कागद असतो. त्यात २० मिलिलिटर पाणी भरून उबेत ठेवायचे. विष्ठेबरोबर येणारे काही जीवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, त्याचा लोहाशी संयोग होतो आणि पाणी काळे पडते. ना सूक्ष्मदर्शक, ना महागडी पेटी. भारतात तयार झालेली ही चाचणी अनेक देशांत वापरली गेली. परंतु २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी सॉब्सी आणि फेंडर यांनी तिचा कसून आढावा घेतला, तेव्हा तिच्या मर्यादाही समोर आल्या. विष्ठेशी संबंध नसलेले जीवाणूही हा वायू तयार करू शकतात, आणि काही भूजलात सल्फाइड मुळातच असते.

आपल्या दृष्टीने आणखी दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. मानक सांगते की १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय आढळता कामा नये. बाटलीत जाते २० मिलिलिटर. शंभरात एकच जीवाणू असेल तर तो बाटलीत येण्याची शक्यता पाचात एक. दुसरे म्हणजे बाटलीला ३० अंशांहून अधिक ऊब लागते. डिसेंबरच्या थंडीत ती खिडकीत ठेवली तर काळी पडायला उशीर होईल, आणि तोवर ‘पाणी शुद्ध’ अशी नोंद होऊन गेलेली असेल. पुन्हा तोच चुकीचा दिलासा.

मोजमापाची दुनिया सगळीकडे इतकी ढिली नाही. नदीचा प्रवाह मोजणाऱ्यांचे उदाहरण पाहा. नदीत उतरवल्या जाणाऱ्या प्रवाहमापीला फिरणारे पेले असतात. पेले सेकंदाला किती फेरे घेतात त्यावरून पाण्याचा वेग काढतात. पण इतक्या फेऱ्यांना इतका वेग, हे ठरवले कोणी? १९१६ साली स्थापन झालेल्या, खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेत एक लांबच लांब सरळ हौद आहे. त्यातले पाणी स्थिर असते. वर रुळांवरून ट्रॉली धावते आणि प्रवाहमापी तिला टांगलेला असतो. ट्रॉलीचा वेग अचूक माहीत असतो, त्यावरून त्या एका यंत्राचे समीकरण ठरते. ठरावीक वापरानंतर तेच यंत्र पुन्हा हौदावर न्यायचे, कारण धारवे झिजतात, पेल्यांना पोचे येतात. नदी मोजणारे यंत्र आपली परीक्षा देऊन येते. मग विहीर मोजणाऱ्या संचाला ही परीक्षा का नको?

वर्ध्याला तर हा विचार परका नाही. साधन खेड्यातल्या माणसाच्या हातात असावे, हा आग्रह इथे सेवाग्रामपासून दत्तपूरपर्यंत जिवंत राहिला आहे. मात्र त्या आग्रहाबरोबर दुसरीही एक शिस्त होती, तिचा विसर पडतो. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी स्पष्ट होत्या. आठ तासांत १२ ते २० नंबरचे १६,००० फूट सूत निघावे. किंमत दीडशे रुपयांहून जास्त नसावी. यंत्र वीस वर्षे टिकावे आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये. हे बक्षीस कोणालाच मिळाले नाही. साधन गरिबांसाठी आहे म्हणून परीक्षा सैल केली गेली नाही. पाण्याच्या संचालाही असेच प्रश्न विचारायला हवेत: ४५ जवळ तो किती चुकतो? ४५ अंश तापमानात अभिकारक किती महिने टिकतात? ते संपल्यावर नवे कोठून आणि कितीला मिळतात?

ही परीक्षा घेण्यासाठी खडकवासल्याला जायची गरज नाही. उच्च माध्यमिक शाळेची प्रयोगशाळा पुरेशी आहे. कोरडे पोटॅशियम नायट्रेट १.६३ ग्रॅम तोलून ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा आणि बरोबर एक लिटर करा. या द्रावणात लिटरला १००० मिलिग्रॅम नायट्रेट असते (६२ आणि १०१ या रेणुभारांवरून हा हिशेब विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावा). आता पिपेटने २ मिलिलिटर, ४.५ मिलिलिटर आणि ९ मिलिलिटर द्रावण घेऊन प्रत्येकाचे १०० मिलिलिटर करा. तुमच्याकडे २०, ४५ आणि ९० ची प्रमाण द्रावणे तयार झाली. चौथ्या बाटलीत नुसते ऊर्ध्वपातित पाणी घ्या. बाटल्यांवर फक्त क, ख, ग, घ लिहा आणि कोणत्या बाटलीत काय आहे ते शिक्षकांनीच जवळ ठेवावे.

मग गावातला संच आणि तो वापरणाऱ्या महिलांना शाळेत बोलवा. त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी चारही बाटल्या एकमेकांना न विचारता तपासाव्यात. ४५ च्या बाटलीला सगळे १० च्या आसपास वाचत असतील तर पट्टी नायट्रोजनची आहे हे लगेच कळेल. ९० ची बाटली कोणालाच ४५ च्या वर दिसली नाही तर अभिकारक गेला असे समजावे. एकाच बाटलीवर चौघांचे आकडे दूरदूर असतील तर दोष वेळेचा, उजेडाचा किंवा डोळ्यांचा. पाऊस सुरू होण्याआधी आणि संपल्यावर, शिवाय नवा डबा उघडताना, ही परीक्षा पुन्हा घ्यावी आणि तिची नोंद विहिरींच्या नोंदवहीतच करावी.

यात एक भर घालावी असे आम्ही सुचवतो. ‘चांगल्या’ ठरलेल्या दर दहा नमुन्यांपैकी एक, चिठ्ठी टाकून निवडून, प्रयोगशाळेत पाठवावा. आणि रंग दोन छटांच्या मधे वाटला तर नेहमी वरचा आकडा लिहावा. खर्च थोडा वाढेल, काही इशारे फुकट जातील. पण ज्या दोन विहिरींचा नमुना आज कुठेच जात नाही, त्या सापडण्याची वाट उघडेल. आपल्या गावच्या संचाची पट्टी कोणत्या एककात आहे, हे तर वाचकांना उद्याच पाहता येईल.