रमाबाईंची अमेरिका व आमचे कंधार

पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेस गेल्या आणि १८८९ साली त्यांचा 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हा ग्रंथ मुंबईस प्रसिद्ध झाला. मराठीतील प्रवासवर्णनांत ह्या ग्रंथास मानाचे स्थान आहे. कारण प्रवासाच्या हकिकतीपेक्षा लोकस्थितीचा विचार त्यात अधिक आहे. त्यातील धर्मपंथ व दानधर्म ह्यांविषयीचा भाग आम्ही नुकताच पुन्हा वाचला. राजाश्रित धर्म नसलेल्या देशात अनेक पंथ आपापल्या वर्गणीवर उभे राहतात, हे दृश्य एका भारतीय स्त्रीने किती सूक्ष्मतेने पाहिले, ह्याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. त्यांच्या कार्यास साहाय्य करणारी मंडळी १८८७ साली बोस्टनला स्थापन झाली. तीतही निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांचे पुढारी एकत्र आले होते.

तथापि आम्हांस एक गोष्ट सुचवावीशी वाटते. देवालय बांधण्याची मोकळीक निराळी आणि घराचा उंबरठा ओलांडू देण्याची मोकळीक निराळी. चिनी मजुरांस देशबंदी करणारा कायदा रमाबाई तेथे पोहोचण्यापूर्वीच, १८८२ साली झाला होता. पुढे १९१२ साली कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन गावी शिखांनी गुरुद्वारा उभारला. त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली भगतसिंग थिंद ह्या शिखास, तो 'गोरा' नव्हे म्हणून, नागरिकत्व नाकारले. आशियाई लोकांस दार खऱ्या अर्थाने उघडले ते १९६५ च्या कायद्याने. पुढल्या काळातील गोष्टींचा दोष ग्रंथकर्त्रीस देणे न्यायाचे नव्हे. उलट, तेथील मूळ रहिवासी व काळे लोक ह्यांजवरील अन्याय त्यांनी निर्भीडपणे मांडला आहे. आमचे म्हणणे इतकेच की, धर्मस्वातंत्र्याची स्तुती वाचकाने ह्या मजकुराच्या जोडीनेच वाचावी. एरवी चित्र अर्धे राहते.

कंधारच्या वाचकास हा भेद सहज कळावा. राष्ट्रकूटांच्या ह्या प्राचीन नगरीत हाजी सय्याह सरवर मखदूम ह्यांचा दर्गा आहे. 'सय्याह' म्हणजेच प्रवासी! जवळच नांदेडास १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला, आणि पुढे महाराजा रणजितसिंगांच्या साहाय्याने गोदातीरी भव्य गुरुद्वारा झाला. परक्या मुलखांतून आलेल्या ह्या श्रद्धा आज आमच्याच मातीच्या झाल्या आहेत. परंतु एवढ्यावरून आम्ही अमेरिकेस धडे देऊ लागणे उचित नव्हे. १९४७-४८ साली रझाकारांनी केलेला जुलूम आणि पोलीस कारवाईनंतर नांदेडसह ह्या भागातील निरपराध मुसलमानांवर ओढवलेला प्रसंग, ही दोन्ही दुःखे आमच्याच अंगणातील आहेत.

म्हणून रमाबाईंचा ग्रंथ केवळ परदेशाचे वर्णन म्हणून वाचू नये. शेजाऱ्याचे देवालय सहन करणे पुरेसे नाही. शेजारी घरचा मानला जातो काय, हीच खरी कसोटी होय. ह्या कसोटीवर अमेरिका व कंधार दोघांनाही अद्याप बरेच शिकावयाचे आहे.