सेतुबंधाचा सागरप्रवास : पवनार ते कंबुज

प्रस्तावना
प्राचीन काळातील दूरच्या व्यापाराचा अभ्यास करताना आपण बहुधा नाणी, मणी आणि मृद्भांडी यांच्यापाशीच थांबतो. पैठण व तेर येथून भडोच बंदरात जाणारा माल ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात नोंदलेला आहे. वर्धा-धाम खोऱ्याचा त्यात निर्देश नाही. त्यामुळे हा प्रदेश दूरच्या देवाणघेवाणीबाहेरचा मानला जातो. प्रस्तुत लेखात मालाऐवजी एका काव्याच्या प्रवासाच्या आधारे या समजुतीचा विचार केला आहे.

विवेचन
वाकाटक नृपती दुसरा प्रवरसेन (इ. स. पाचवे शतक) याची राजधानी प्रवरपूर. डॉ. वा. वि. मिराशी यांच्या मते ती म्हणजे वर्ध्याजवळील पवनार. तेथे १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाने उत्खनन केले. काही संशोधक मात्र प्रवरपुराचे स्थान मनसर येथे मानतात. ‘सेतुबंध’ हे महाराष्ट्री प्राकृतातील पंधरा आश्वासांचे महाकाव्य याच राजाच्या नावावर आहे.

वानरसेनेप्रमाणे प्रवरसेनाची कीर्तीही सेतूवरून सागरापलीकडे गेली, असा श्लेष सातव्या शतकात बाणभट्टाने ‘हर्षचरिता’त केला. पुढे ही कविकल्पना अक्षरशः खरी ठरली. इ. स. ८८९ मध्ये गादीवर आलेल्या कंबुजनरेश यशोवर्म्याच्या संस्कृत शिलालेखात, धर्माचा सेतू उभारणाऱ्या या राजाने ‘प्राकृत’ सेतू रचणाऱ्या प्रवरसेनालाही जिंकले, अशी स्तुती आहे. येथे ‘प्राकृत’ म्हणजे सामान्य आणि प्राकृत भाषेतीलही. मूळ काव्याची भाषा ठाऊक असल्याखेरीज हा श्लेष उलगडत नाही.

यावरून वर्धेचा कंबुजशी थेट व्यापार होता, असा निष्कर्ष काढणे मात्र गैर ठरेल. काव्य आणि शिलालेख यांत चार शतकांचे अंतर आहे. तोवर वाकाटक सत्ताही लोपली होती. व्यापारी मार्गांनी पंडितांना वाट दिली असेल. परंतु कोणते काव्य जपावे, हे विद्यापरंपरेने ठरविले.

समारोप
प्रादेशिक अभिमानापोटी शिलालेखातून व्यापार शोधण्यापेक्षा त्यातून वाचक शोधणे अधिक फलदायी आहे. खापरामुळे वस्तू पोहोचल्याचे कळते. श्लेषामुळे ती समजल्याचे कळते. कंबुजच्या दरबारात ज्याचा अर्थ लागला, तो ‘सेतुबंध’ पवनारच्या परिसरातील वर्गांतही वाचला जावा, ही जबाबदारी इतिहास आणि भाषा या दोन्ही विषयांच्या अध्यापकांची आहे.