पार्श्वभूमी कुणाला असते?

उच्च शिक्षणावर लिहिले गेलेले प्रबंध गेली काही वर्षे मी सातत्याने वाचतो आहे. शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र अशा निरनिराळ्या विभागांतून ते सादर झालेले आहेत. विषय वेगळे असले तरी त्यांतील एका प्रकरणाचे शीर्षक बहुधा ठरलेले असते : 'प्रतिसादकांची सामाजिक-आर्थिक पार्श्वभूमी'. या प्रकरणात जात येते, धर्म येतो, वडिलांचे शिक्षण आणि उत्पन्न येते, घर कच्चे की पक्के हेही येते. मात्र हे सारे प्रश्न ज्याने विचारले तो कोण होता, त्याचे घर कच्चे होते की पक्के, त्याच्या बापाने अंगठा उठवला की सही केली, याविषयी प्रबंधात एक अक्षरही नसते. या प्रबंधांपुरते बोलायचे तर पार्श्वभूमी ही फक्त प्रतिसादकाला असते. संशोधकाला ती नसते. तो जणू आकाशातून उतरलेला असतो.

हा लेखनशैलीचा किरकोळ प्रश्न आहे असे काहींना वाटेल. मला तसे वाटत नाही. उच्च शिक्षणाचे ज्ञान कोण निर्माण करतो आणि कुणाच्या अनुभवाला ज्ञानाचा दर्जा मिळतो, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

एक काळ असा होता की दलित विद्यार्थी केवळ अभ्यासाचा विषय होता. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने १५ राज्यांतील अनुसूचित जातींच्या शाळा-महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची पाहणी झाली आणि सुमा चिटणीस यांनी तिचा अहवाल १९८१ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. त्या कामाचे मोल मी नाकारत नाही. आमच्या मुलांची दखल संशोधनाच्या पातळीवर घेतली जाणे हीच त्या काळात मोठी गोष्ट होती. परंतु त्या प्रकारच्या पाहणीत प्रश्न विचारणारा एका बाजूला आणि उत्तर देणारा दुसऱ्या बाजूला, ही रचना गृहीतच होती.

आज ती रचना तशी राहिलेली नाही. २००५-०६ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राजीव गांधी राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती सुरू झाली. महाराष्ट्रात पुढे 'बार्टी'ची अधिछात्रवृत्ती आली. तिच्यासाठी आमच्या मुलांना पुन्हा पुन्हा उपोषणाला बसावे लागते हा भाग वेगळा. पण यातून संशोधन करणारी एक नवी पिढी उभी राहिली. आता वसतिगृहावर प्रबंध लिहिणारा स्वतः वसतिगृहात वाढलेला असतो. गळतीचा अभ्यास करणारीच्या दोन बहिणी सातवीतून गळालेल्या असतात. मग प्रश्न असा की प्रश्न विचारणारा बदलला, पण प्रश्न बदलले का?

याचे उत्तर मला एका प्रश्नावलीत मिळाले. बीड जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीने महाविद्यालयीन मुलींच्या शिक्षणावर काम केले होते. ती स्वतः ऊसतोड कामगारांची मुलगी. तिच्या प्रश्नावलीत 'आईचा व्यवसाय' असा रकाना होता आणि त्याखाली पर्याय होते : गृहिणी, नोकरी, शेती, इतर. तक्ता पाहिला तर बहुसंख्य आया 'गृहिणी' निघाल्या. मी तिला विचारले, "तुझी आई यात कुठे बसते?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, कोयत्यात."

ऊसतोडीची माहिती असणाऱ्यांना हा शब्द समजावून सांगायला नको. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला देतो, हिशेब असतो तो पुरुषाच्या नावावर. बाई पहाटे उठून भाकरी थापते, दिवसभर मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते. आणि कागदावर ती कुठेच नसते. मुकादमाच्या वहीने जिला वगळले तिला प्रबंधाच्या तक्त्यानेही वगळले, आणि वगळणारी तिची स्वतःची लेक होती! तिने ती प्रश्नावली जुन्या एका प्रबंधातून घेतली होती. त्या प्रबंधकर्त्याने ती आणखी कुठून तरी घेतली असणार. शिवाय मुलाखती झाल्या त्या डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे ऐन हंगामात. ज्या मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला गावी थांबल्या होत्या किंवा आईबापांबरोबर फडावर गेल्या होत्या, त्या वर्गात नव्हत्या आणि म्हणून नमुन्यातही नव्हत्या. हे तिला माहीत नव्हते काय? तिच्याइतके ते कुणालाच माहीत नव्हते. परंतु आपल्याला जे माहीत आहे त्याला 'संशोधन' म्हणता येते, हे तिला कुणी सांगितले नव्हते.

मी तिला दोष देत नाही, कारण मीही तेच केले आहे. माझ्या प्रबंधात 'पालकांचे शिक्षण : निरक्षर' असा एक तक्ता आहे. माझा बाप मोंढ्यात हमाली करायचा आणि ज्या वसतिगृहाचा मी अभ्यास केला त्याच वसतिगृहात मी पाच वर्षे जेवलो होतो. पहिल्या खर्ड्यात मी हे दोन पानांत लिहिले होते. मार्गदर्शकांनी त्यावर लाल रेघ मारली आणि म्हणाले, "आत्मकथन लिहायचे असेल तर ते स्वतंत्र लिहा, चांगले होईल." मी ती पाने काढून टाकली आणि 'प्रस्तुत संशोधकाला असे आढळून आले' असे लिहीत गेलो. मला जे पोटातून ठाऊक होते ते मला 'आढळून' आले! पदवी मिळाली. पण ते वाक्य अजून माझ्या घशात अडकलेले आहे.

त्या सल्ल्यात वाईट हेतू होता असे मी म्हणत नाही. परंतु त्यामागे एक जुनी वाटणी दडलेली आहे. अनुभव तुमचा, सिद्धान्त आमचा. तुम्ही आत्मकथन लिहा, आम्ही त्यावर प्रबंध लिहितो. गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त लिहिलेल्या लेखात भारतीय समाजविज्ञानांतील या श्रमविभागणीवर नेमके बोट ठेवले होते : सिद्धान्त मांडणारे ब्राह्मण आणि माहिती गोळा करणारे शूद्र. त्या लेखाला दोन दशके उलटून गेली. माहिती गोळा करणाऱ्यांची संख्या वाढली, हे खरे. वाटणी मात्र मोडली नाही.

खरे तर मराठीत उच्च शिक्षणाची सर्वांत भेदक चिकित्सा या वाटणीच्या 'अनुभव' म्हटल्या गेलेल्या बाजूलाच झाली आहे. कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' (१९८१) घ्या. संस्कृतमध्ये पदव्युत्तर पदवी मिळवलेल्या दलित स्त्रीला नोकरी मिळत नाही, आणि आंतरजातीय विवाहानंतर आडनाव बदलते तेव्हा ती मिळते. गुणवत्ता तीच, पदवी तीच, बाई तीच. बदलले ते आडनाव. प्राध्यापक-निवडीच्या व्यवस्थेविषयीचा हा पुरावा नव्हे काय? परंतु आपण त्याला 'आत्मकथन' म्हणतो आणि साहित्याच्या अभ्यासक्रमात ठेवतो. उच्च शिक्षणाच्या संशोधनाच्या संदर्भसूचीत तो क्वचितच दिसतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो. संशोधकाने तटस्थ असावे. स्वतःला मध्ये आणले तर ते संशोधन न राहता कैफियत होते. या आक्षेपाला महात्मा फुले यांनीच उत्तर देऊन ठेवले आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिले ते आपल्याकडील शिक्षणव्यवस्थेच्या चिकित्सेचा एक आद्य दस्तऐवज आहे. रयतेच्या घामातून आलेला पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा त्यातील आरोप. पण ते निवेदन सुरू कसे होते? आपला अनुभव पुणे आणि आसपासच्या खेड्यांपुरता आहे हे सांगून, आणि मुलींसाठी व महार-मांगांसाठी आपण काढलेल्या शाळांची हकीकत देऊन. खाली सही करताना त्यांनी आपण व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद असल्याचे नोंदवले. आपण कुठे उभे राहून बोलतो आहोत हे आधी सांगायचे आणि मग महसुलाचा हिशेब मांडायचा, ही जोतीरावांची पद्धत. त्यामुळे त्यांचा युक्तिवाद दुबळा झाला असे कोण म्हणेल?

कुणी बाबासाहेबांचे उदाहरण देईल. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवर जो निबंध वाचला त्यात स्वतःच्या अपमानाची कहाणी नाही. हे बरोबर आहे. परंतु जातीची व्याख्या करताना आधीच्या विद्वानांनी स्वीकारलेल्या व्याख्या त्यांनी एकेक करून तपासल्या आणि अपुऱ्या ठरवल्या. म्हणजे उसनी प्रश्नावली त्यांनी वापरली नाही. स्वतःचे अनुभव त्यांनी पुढे वेगळे लिहिलेच. अनुभव पानावर आलाच पाहिजे असा माझा हट्ट नाही. अनुभवाने प्रश्न बदलला पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे. तो बदलत नसेल तर आमच्या मुलांनी संशोधक होणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतात सालगडी राहणे होय.

आणि तटस्थतेची ही मागणी सर्वांकडून सारखी केली जाते काय? सतीश देशपांडे यांनी २०१३ मधील एका लेखात दाखवले आहे की खुल्या प्रवर्गातील माणसाला आपण जातविरहित आहोत असे वाटू शकते, कारण जातीचे सगळे लाभ त्याने आधीच भांडवलात रूपांतरित केलेले असतात. अजंठा सुब्रमण्यन यांनी 'द कास्ट ऑफ मेरिट' (२०१९) या ग्रंथात मद्रास आयआयटीचा अभ्यास करून 'गुणवत्ता' हीच एक जातीय पार्श्वभूमी कशी असते हे उलगडले. असे अभ्यास अपवाद आहेत. एरवी ज्यांच्या घरात तीन पिढ्या पदवीधर आहेत त्यांची पार्श्वभूमी कुणी तपासत नाही. तिला 'सर्वसाधारण' म्हणतात. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या अहवालात विद्यार्थ्यांमध्ये अनुसूचित जातींचे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास आहे, तर शिक्षकांमध्ये ते ९ टक्क्यांच्या आसपास. लाल रेघ कुणाच्या हातात आहे हे या दोन आकड्यांवरून समजावे.

गंमत अशी की प्रवेशाच्या दारात मात्र पार्श्वभूमी बरोबर विचारली जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी पीएच. डी.ची लेखी परीक्षा केवळ पात्रतेपुरती ठेवली आणि निवड मुलाखतीवर सोपवली. जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध संघर्ष केला. २०१८ मध्ये लेखीला ७० आणि मुलाखतीला ३० टक्के असा बदल करावा लागला. पुढे २०२२ च्या नियमांनी एम. फिल. बंद केली, म्हणजे पहिल्या पिढीतल्या मुलांना संशोधनाची सवय लावणारी एक पायरीच काढून घेतली. दारात जे कान देऊन ऐकले जाते – आडनाव, उच्चार, गावाचे नाव – तेच आत आल्यावर प्रबंधातून गाळायला सांगितले जाते. याला तटस्थता म्हणायचे काय?

आता थोडे आपल्याविषयी. प्रस्थापितांवर टीका करून आपले काम संपत नाही. 'पहिल्या पिढीचा पदवीधर' हे शब्द आपणही बिल्ल्यासारखे छातीवर लावू लागलो आहोत. पण आपले सगळे संशोधक एकाच घरातून आलेले नाहीत. नागपूरच्या कारखान्यातल्या कामगाराचा मुलगा आणि लातूरकडच्या मातंगवाड्यातली मुलगी, आश्रमशाळेतून आलेला पारधी तरुण आणि प्राध्यापक बापाची बौद्ध कन्या, या सर्वांना 'दलित संशोधक' या एका शब्दात कोंबले की पुन्हा तोच तक्ता तयार होतो, फक्त आपल्या हातचा. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला मान्यता दिली. त्या निर्णयाविषयी आपल्यात मतभेद आहेत आणि ते असणारच. परंतु वादाच्या दोन्ही बाजूंना विद्यापीठांतील आपल्याच निरनिराळ्या जातींच्या मुलामुलींविषयी पुरेसा अभ्यास हाताशी असायला हवा होता. तो आपण केला नाही, कारण 'आपल्यातली' पार्श्वभूमी विचारणे आपल्याला अडचणीचे वाटत आले. ऊसतोडीच्या बाईला मुकादमाने गाळले. वसतिगृहाच्या अभ्यासात मुलींच्या वसतिगृहाला आम्ही पुरुषांनी गाळले. माझ्या प्रबंधातही ते नाही.

म्हणून संशोधन करणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींना सुचवावेसे वाटते. प्रश्नावली छापण्याआधी ती प्रथम स्वतः भरा. जिथे तुमची आई, तुमचा बाप, तुमची गळालेली बहीण त्या रकान्यात बसत नाही तिथे थांबा. रकाना मोडा. तिथेच तुमचे संशोधन सुरू होते. आणि आपण कुठून आलो हे पद्धतीच्या प्रकरणात लिहा – सहानुभूती मागण्यासाठी नव्हे, तर वाचणाऱ्याला आपली नजर कुठून पडते आणि कुठे पोचत नाही हे कळावे म्हणून. जे मार्गदर्शक आपल्यातून झाले आहेत, त्यांनी निदान लाल रेघ मारण्यापूर्वी आपलीच काढून टाकलेली पाने आठवावीत.

त्या विद्यार्थिनीने तो तक्ता पुन्हा केला. 'आईचा व्यवसाय' या रकान्यात तिने एक नवा पर्याय घातला आणि पुन्हा मुलींकडे गेली, या वेळी हंगाम संपल्यावर, मे महिन्यात, त्यांच्या गावी. प्रबंध सहा महिने लांबला. त्या सहा महिन्यांचे पैसे तिला कुणी दिले नाहीत.