रहस्य, प्रणय, इतिहास आणि मराठी क्रियापद

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन इंग्रजी कादंबऱ्या वाचावयाचा योग आला. एक रहस्यकथा, एक बव्हंशी प्रणयकथा आणि एक ऐतिहासिक कादंबरी. अशा वाचनाचा जाहीर उच्चार विभागाच्या पत्रिकेत करावा की नाही, असा संकोच प्रथम वाटला. ज्या बाबुराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहून मराठी माणसाला वाचनाची गोडी लाविली, त्यांचे नाव आपण वर्गात घेतो ते बहुधा हसण्यासाठी. परंतु ह्या तीन पुस्तकांनी मला भाषेविषयी जे शिकविले ते अनेक गंभीर ग्रंथांनी शिकविले नव्हते. तेव्हा संकोच बाजूस ठेवतो.

पहिली कादंबरी सेरा कॉडवेल ह्यांची ‘दस वॉज अडोनिस मर्डर्ड’ (१९८१). लेखिका स्वतः बॅरिस्टर होत्या, आणि कथाही लंडनमधील तरुण बॅरिस्टरांच्या एका कंपूची आहे. त्यांपैकी ज्युलिया लारवुड व्हेनिसला सुट्टीवर जाते आणि तेथे एका खुनाच्या संशयात सापडते. तिची लांबलचक पत्रे लंडनला येतात आणि मित्रमंडळी ती वाचून तर्क लढवितात. निवेदन करतात ऑक्सफर्डचे विधि-इतिहासाचे प्राध्यापक हिलरी टॅमर. येथेच माझी लेखणी अडखळली आहे हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. ‘करतात’ म्हणून मी वेळ मारून नेली. कारण हिलरी हे स्त्रीचेही नाव असते आणि पुरुषाचेही, आणि हिलरी टॅमर स्त्री की पुरुष हे लेखिकेने कोठेही सांगितलेले नाही. १९८१ ते २००० ह्या काळात ह्या मालिकेच्या चार कादंबऱ्या निघाल्या. चारही निवेदने त्याच व्यक्तीची, आणि चारही संपल्या तरी कोडे तसेच. खुनाचे रहस्य शेवटच्या प्रकरणात सुटते. निवेदकाचे सुटत नाही. इंग्रजीत हे साधणे फारसे अवघड नाही. ‘मी’ला तेथे लिंग नाही आणि क्रियापदालाही नाही.

मराठीत ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’ म्हटले की कोडे सुटलेच. रहस्यकथेतील एक धागा व्याकरणच उघडा करून टाकते. तरीही गंमत म्हणून पहिली काही पाने मराठीत उतरविण्याचा घाट मी घातला. दामल्यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’तील (१९११) प्रयोगविचार विद्यार्थ्यांना शिकविताना जो कोरडा वाटतो, तो ह्या खटाटोपात जिवंत झाला. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळात कर्त्याचे लिंग लपते: ‘मी पत्र वाचले’, ‘मी सांगितले’, ‘मी ओळखले’. ‘मला वाटले’, ‘मला आठवले’ ह्यांतही ते लपते. भविष्यकाळात ‘मी जाईन’ निर्धोक. रीतिभूतकाळात ‘मी जात असे’ही चालते. मात्र ‘मी म्हणालो’ चालत नाही, ‘मी विसरलो’ चालत नाही, ‘मी बसलो’, ‘मी उठलो’, ‘मी हसलो’ ह्यांतले काहीच चालत नाही. हसण्याच्या जागी ‘मला हसू आले’, जाण्याच्या जागी ‘मला जावे लागले’.

चार पाने झाल्यावर मी ती वाचून पाहिली. व्याकरण निर्दोष होते, लिंग कोठेही फुटले नव्हते. पण हिलरी टॅमर नाहीसे झाले होते. मूळ निवेदक स्वतःच्या विद्वत्तेवर प्रसन्न असलेला, दुसऱ्याच्या पैशाने मद्य पिण्यात अनमान न करणारा, मनाला येईल तेथे मनाला येईल तेव्हा जाणारा. माझ्या मराठीतल्या निवेदकाला मात्र सर्व काही भाग पडत होते. त्याला जावे लागे, यावे लागे, बसणे प्राप्त होई. हसूदेखील त्याला ‘येई’, तो हसत नसे. लिंग लपविण्याच्या भरात मी त्याची इच्छाशक्ती काढून घेतली होती. मराठीत कर्ता लपविण्याच्या बहुतेक वाटा कर्त्याला परतंत्र करणाऱ्या आहेत, हे मला माहीत असावयास हवे होते. पण चार पाने खरडल्याशिवाय ते खरोखर कळले नाही.

एक वाट राहते, ती ‘आम्ही’ची. ‘आम्ही गेलो’ ह्यात लिंग नाही, आणि हिलरीच्या आढ्यतेला जुन्या संपादकांचे ते ‘आम्ही’ शोभूनही दिसेल. परंतु कथेत हिलरी बहुधा त्या बॅरिस्टरांच्या घोळक्यातच वावरतात. ‘आम्ही उपाहारगृहात गेलो’ म्हणजे एकटे हिलरी की पाचजण, हे वाचकाला कळणार नाही, आणि रहस्यकथेत कोण कोठे होते ह्यालाच तर महत्त्व. कोल्हापूरकडील अनेक स्त्रिया ‘मी आलो’, ‘मी जातो’ असेच बोलतात, त्यांच्या बोलीत हा प्रश्न उद्भवणारच नाही. पण ऑक्सफर्डच्या प्राध्यापकाला तांबड्या-पांढऱ्या रश्शाच्या गावी नेऊन बसविण्याचे धाडस मला झाले नाही.

मराठीची ही केवळ उणीवच आहे असे मात्र समजू नये. अनोळखी माणसासाठी आपल्याजवळ नपुंसकलिंग आहे. ‘कोणीतरी आले’, ‘कोण आहे ते?’ अंधारात दार वाजते त्या क्षणी मराठी वाचकाला जे वाटते ते ह्या ‘आले’मध्ये आहे. दोनच लिंगे असलेल्या हिंदीला ‘कोई आया’ म्हणून पुल्लिंगाचाच आसरा घ्यावा लागतो. इंग्रजीत अनोळखी आणि ओळखीचा ह्यांच्या क्रियापदांत फरकच नाही. आपले रहस्यकथाकार ह्या नपुंसकलिंगाचा उपयोग सहज, नकळत करतात. त्याचा अभ्यास कोणी हाती घेतला तर तो प्रबंधाचा विषय होईल.

दुसरी कादंबरी डोरोथी सेयर्स ह्यांची ‘गॉडी नाइट’ (१९३५). तीत रहस्य आहेच. ऑक्सफर्डच्या एका कल्पित स्त्री-महाविद्यालयात कोणीतरी निनावी, विखारी चिठ्ठ्या पाठवीत असते. संशय सगळा महाविद्यालयातील स्त्रियांवरच असल्यामुळे मराठी क्रियापदाला येथे काही लपवावे लागत नाही. परंतु कादंबरीचे मर्म प्रणयात आहे. हॅरिएट व्हेन हिला लॉर्ड पीटर विम्झीने पूर्वी फाशीच्या दोरापासून वाचविलेले असते (ती हकीकत १९३० च्या ‘स्ट्राँग पॉयझन’मध्ये आहे). म्हणूनच ती त्याला वर्षानुवर्षे नकार देत राहते. उपकाराच्या ओझ्याखाली केलेले लग्न बरोबरीचे होणार नाही, अशी तिची धारणा. अखेरीस तो विद्यापीठाचा झगा अंगावर असताना लॅटिनमध्ये विचारतो, पदवीदान समारंभात सभेची संमती घेण्याची जी ठरीव भाषा असते त्याच भाषेत, आणि तिला पदवीने संबोधून. तीही त्याच भाषेतील एका शब्दाने होकार देते. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देणे १९२० मध्ये सुरू केले, आणि त्या पहिल्या पदवीधर स्त्रियांत सेयर्स स्वतः होत्या. एवढे ध्यानात घेतले म्हणजे त्या संबोधनाचे वजन कळते. पंधरा वर्षांपूर्वी तो शब्द एखाद्या स्त्रीला उद्देशून खऱ्या अर्थाने वापरताच आला नसता.

मला कुतूहल वाटले ते हे की सेयर्सना लॅटिनकडे का जावे लागले. इंग्रजीत ‘यू’ एकच. आदर, सलगी, बरोबरी, सारे त्या एका सर्वनामात बुडालेले. म्हणून आदराने विचारलेला प्रणयप्रश्न त्या भाषेत उठून दिसत नाही. मराठीत ही सामग्री घरचीच आहे. आपल्या प्रणयकथांत ‘तुम्ही’चे ‘तू’ होणे हाच कित्येकदा कथेचा कळस असतो. परंतु येथेच अनुवादकाची कसोटी आहे. संकेताप्रमाणे तो पीटरच्या तोंडी ‘तू’ आणि हॅरिएटच्या तोंडी ‘तुम्ही’ घालील, आणि जी विषमता टाळण्यासाठी ही बाई पाच वर्षे झगडली ती पहिल्याच संवादात तिच्या माथी मारील. मराठी अनुवादांत, आणि पडद्यावरील भाषांतरित संवादांतही, हे इतके सर्रास घडते की आपल्याला ते दिसेनासे झाले आहे. माझ्या मते दोघांनीही शेवटपर्यंत ‘तुम्ही’च म्हणावे, होकाराच्या क्षणीदेखील. आणि होकार ‘मान्य आहे’ असा द्यावा. लॅटिनमधील मूळ क्रियापद ‘मला मान्य आहे’, ‘मला पसंत आहे’ ह्याच घडणीचे आहे: अनुभव घेणारा चतुर्थीत, आणि लिंगाचा मागमूस नाही. हिलरीला जी रचना परतंत्र करीत होती तीच येथे मोकळीक देते.

तिसरी हिलरी मँटेल ह्यांची ‘वुल्फ हॉल’ (२००९). आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉमवेल हा तिचा नायक. पटनीच्या लोहाराचा मुलगा, बापाचा मार खात असतानाच आपल्याला प्रथम भेटतो. पुढे तिसऱ्या भागापर्यंत अर्ल होतो आणि १५४० मध्ये वधस्तंभावर जातो. कथन वर्तमानकाळात आहे, आणि क्रॉमवेलचा निर्देश बहुतेक नुसत्या ‘तो’ने होतो. हा ‘तो’ कोण असा गोंधळ पुष्कळांचा झाला, आणि दुसऱ्या भागात लेखिकेने ‘तो’च्या जोडीला नाव देण्यास सुरुवात केली. मला तो गोंधळ रुचला. लोहाराचा पोर आणि राजाचा मंत्री ह्यांना एकच सर्वनाम. पद बदलते, माणूस तोच.

मराठीत हा ‘तो’ कोणत्या पानावर ‘ते’ होणार? आपल्या ऐतिहासिक कादंबरीत हा प्रश्न सहसा पडतच नाही, कारण ती ‘ते’पासूनच सुरू होते. रणजित देसाई ह्यांच्या ‘स्वामी’त (१९६२) माधवराव पेशवे आरंभापासून ‘म्हणाले’, ‘उठले’ असेच येतात. १७६१ मध्ये वस्त्रे मिळाली तेव्हा त्यांचे वय सोळा वर्षांचे होते. त्या सोळा वर्षांच्या मुलाकडे निवेदक दरबाऱ्याच्या जागेवरून, किंचित झुकूनच पाहतो. ह्याने कादंबरीचे नुकसान होते असे माझे स्पष्ट मत आहे. मुलाचे भय अनेकवचनात मावत नाही. एक लाभ मात्र प्रामाणिकपणे नोंदविला पाहिजे. राघोबादादांनाही तेच अनेकवचन मिळते, आणि त्यामुळे लेखकाला त्यांचा निव्वळ खलपुरुष करणे अवघड जाते. ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) शिवाजी सावंत ह्यांनी पात्रांना स्वमुखाने बोलावयास लाविले. विषय पौराणिक असला तरी अडचण तीच होती, आणि ‘मी’ला आदरार्थ नसल्याने ती टळली. सूतपुत्र आणि अंगराज दोघेही ‘मी’.

पदव्युत्तर वर्गाला ‘वुल्फ हॉल’ची दोन स्थळे अनुवादासाठी दिली, एक आरंभीचे आणि एक मंत्रिपदाच्या काळातील. बहुतेकांनी पहिल्यात ‘तो’ आणि दुसऱ्यात ‘ते’ लिहून आणले. एका विद्यार्थिनीने दोन्हीकडे ‘तो’ ठेवला होता. फक्त घरातील नोकर त्याच्याविषयी आपसांत बोलतात ती वाक्ये तिने ‘ते’ने केली होती. मी कारण विचारले. ती म्हणाली, “सर, नोकरांना ते म्हणावे लागते. लेखिकेला कोठे लागते?”