जलतरण आणि आमचीं वृत्तपत्रें

एखादा पराक्रम घडणें आणि तो घडल्याचें समाजास कळणें, या दोहोंमध्यें आमच्याकडे पुष्कळदां अर्धें आयुष्य निघून जातें. मुरलीकांत पेटकर यांच्या बाबतींत तर त्याहूनही अधिक काळ गेला. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून अधू झालेल्या या सैनिकानें १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें पॅरालिंपिक स्पर्धेंत ५० मीटर मुक्त शैलीची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकली; सुवर्णपदक मिळविलें आणि जागतिक उच्चांकही केला. त्याच वर्षीं म्युनिकला आमच्या हॉकी संघानें मिळविलेलें कांस्यपदक जाणत्यांस आठवतें. सांगली जिल्ह्यांतील या गृहस्थांचें सुवर्णपदक मात्र कित्येक सुशिक्षित घरांत २०२४ सालीं 'चंदू चॅम्पियन' हा चित्रपट आल्यावरच ठाऊक झालें. पद्मश्री मिळाली २०१८ मध्यें, आणि अर्जुन पुरस्कार हातीं आला तो जानेवारी २०२५ मध्यें!

तो चित्रपट पाहतांना आमचे डोळे ओलावले, हें सांगण्यांत आम्हांस संकोच वाटत नाहीं. परंतु घरीं परततांना एक शंका मनांत आली. प्रेक्षक रडले ते गोळ्यांसाठीं, रुग्णालयांतील दिवसांसाठीं, उपेक्षेसाठीं, ३७.३३ सेकंदांसाठीं किती जण रडले असतील? आमच्या रसिकतेस जलतरणपटू दिसतो तो जखमेच्या आडून. जखम नसेल तर तो दिसतच नाहीं. कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांचेंच पाहा. २००८ सालीं बीजिंगच्या ऑलिंपिकमध्यें हा मुलगा अवघ्या सोळाव्या वर्षीं उतरला होता. आणि आम्ही घरोघर मायकेल फेल्प्सचीं आठ सुवर्णपदकें मोजत होतों. पुढें २०१० सालीं ग्वांग्झूच्या आशियाई स्पर्धेंत त्यांनीं ५० मीटर फुलपाखरी शैलींत कांस्यपदक मिळविलें. १९८६ सालीं खजानसिंग यांस सोलमध्यें रौप्यपदक मिळाल्यानंतर जलतरणांत भारतास मिळालेलें हें पहिलेंच आशियाई पदक. मध्यें चोवीस वर्षें कोरडीं गेलीं होतीं. एवढ्या मोठ्या गोष्टीची आठवण आज कितीशा घरांत निघते?

वृत्तपत्रकार यावर म्हणतात कीं, वाचकांस रुचतें तेंच आम्ही देतों. हें उत्तर अर्धेंच खरें आहे. क्रिकेट तरी आमच्या आजीबाईंना उपजत कोठें कळत होतें? वर्षानुवर्षें रोज पानभर वाचून आणि आकाशवाणीवर ऐकून यॉर्कर व गुगली हे शब्द आमच्या स्वयंपाकघरांत आले. रुचि ही लावावी लागते. जलतरणाची शर्यत अर्ध्या मिनिटांत आटोपते, पोहणाराचें तोंड पाण्यांत असतें, आणि हार-जीत सेकंदाच्या शंभराव्या भागावर ठरते. म्हणून तिचें वर्णन कठीण, हें खरें. पण कठीण वर्णन करणें हाच तर लेखकाचा धर्म! सूर, मुटका, बुडी, उताणें पोहणें, पाणी कापणें असे जिवंत शब्द ज्या भाषेंत आहेत, तिच्या लेखकांनीं शब्दांची उणीव सांगावी हें शोभत नाहीं. हा दोष एकट्या वार्ताहरांचा नव्हे. आम्हां साहित्यिकांचाही आहे.

या उदासीनतेची किंमत कोण देतें, हें पाहावयाचें असेल तर जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांत जावें. कुकडीवर माणिकडोह, मीनेवर वडज, घोडेवर डिंभें. जिकडे पाहावें तिकडे धरणाचें पाणी. ज्या आंबेगांवावरून तालुक्यास नांव पडलें, तें मूळ गांवच डिंभ्याच्या जलाशयाखालीं गेलें आहे. येथील पोरें पाठीस सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून विहिरींत पोहावयास शिकत आलीं. पण वृत्तपत्रांत या पाण्याच्या ठळक बातम्या दोनच: धरण किती टक्के भरलें, आणि त्यांत कोण बुडालें. पाणी म्हणजे एक तर पीक, नाहीं तर मृत्यु! त्याच पाण्यांत कोणी वेगानें पोहतो, त्याचा वेग मोजतां येतो, आणि त्या वेगाची शर्यत असते, हें तेथल्या मुलास कोणी सांगावें? ज्या विद्येचें नांव छापून येत नाहीं, ती विद्या आहे हेंच आईबापांस पटत नाहीं; मग पोराला पोहण्याच्या शिक्षकाकडे धाडणें दूरच राहिलें.

आम्ही पुतळे मागत नाहीं, चित्रपटही मागत नाहीं. जिल्ह्याच्या शालेय शर्यतींचा निकाल छापतांना जिंकणाराचें नांव, गांव, अंतर आणि लागलेला वेळ एवढ्या चार गोष्टी नेमानें छापाव्यात, इतकेंच आमचें मागणें आहे. पुढच्या वर्षीं तेंच नांव पुन्हां दिसेल, वेळ थोडा कमी झालेला दिसेल, आणि वाचक आपण होऊन विचारील, हा मुलगा कोण? पेटकरांच्या बाबतींत हा प्रश्न आम्हीं बावन्न वर्षांनीं विचारला. तो वेळेवर विचारणें हेंच वृत्तपत्राचें काम होय.