सामायिक ऑप्टिमायझर, पण नियम कोणाचे?

कंपायलरबद्दल बोलताना आपण एक वाक्य फार सहज बोलून जातो: ऑप्टिमायझेशन पास भाषेवर अवलंबून नसतो. आज या वाक्यावर जरा टीका करायची आहे. उदाहरण घेऊ एलएलव्हीएमचं.

आधी श्रेय देऊ. पाच भाषा आणि चार प्रकारची यंत्रं असतील, तर सुटे सुटे वीस कंपायलर लिहावे लागतात. मधे एक सामायिक रूप ठेवलं की नऊ भागांत काम होतं. ही कल्पना १९५८ सालच्या 'अनकोल' प्रस्तावाइतकी जुनी आहे. अनकोल प्रत्यक्षात आलं नाही. २००० साली इलिनॉय विद्यापीठात सुरू झालेल्या एलएलव्हीएमनं मात्र ही कल्पना चालवून दाखवली. म्हणूनच रस्टसारख्या नव्या भाषेला वर्षानुवर्षं घासूनपुसून तयार केलेले पास आयते मिळाले.

पण हे पास घडले कुठे? मुख्यतः सी आणि सी प्लस प्लसच्या प्रोग्रामवर. आणि इथेच गोम आहे.

पहिलं उदाहरण बघा. बाहेर काहीच परिणाम न करणारा लूप कधीतरी संपणारच, असं धरून चालायची मुभा सी प्लस प्लसनं २०११ च्या प्रमाणात कंपायलरला दिली. मग असा रिकामा लूप पासनं काढून टाकला तर बिघडलं काय? रस्टमध्ये बिघडतं. तिथे कधीच न संपणारा रिकामा लूप पूर्णपणे वैध आहे. तो काढला की पुढे काय चालवायचं हेच उरत नाही, आणि प्रोग्राम भलतीकडे जातो. ज्या भाषेचं वचनच सुरक्षिततेचं, तिच्या सुरक्षित भागात लिहिलेला प्रोग्राम असा कोसळायचा. प्रोग्राम लिहिणाऱ्याची चूक शून्य!

दुसरं उदाहरण 'नोएलियस'चं. या पॉइंटरच्या जागेला दुसऱ्या वाटेनं कोणी हात लावणार नाही, अशी ही हमी. सीमध्ये ती 'रिस्ट्रिक्ट' लिहून हातानं द्यावी लागते, त्यामुळे क्वचितच दिसते. रस्टमध्ये बदल करू देणारा प्रत्येक संदर्भ ही हमी आपोआप घेऊन येतो. म्हणजे जी वाट अधूनमधून वापरात होती, तिच्यावर एकदम रहदारी सुरू झाली, आणि खड्डे दिसले. लूप उलगडताना एका फेरीपुरती असलेली हमी पास सगळ्या फेऱ्यांना लावत होता. तीच चूक सीमध्येही दाखवता आली, म्हणजे दोष रस्टचा नव्हता. तरी रस्टला ही सोय एकाहून अधिक वेळा बंद करावी लागली. ती पुन्हा सुरू झाली २०२१ मध्ये, १.५४ आवृत्तीत.

कोणी म्हणेल, बग होते, दुरुस्त झाले, विषय संपला. मला तसं वाटत नाही. दुरुस्ती कशी झाली ते पाहा. एलएलव्हीएम १२ पासून 'हा लूप पुढे सरकलाच पाहिजे' ही अट वेगळी लिहून द्यावी लागते. म्हणजे आधी जे गृहीत होतं, ते आता कागदावर आलं. भाषेचा नियम पासच्या पोटात लपलेला होता, तो बाहेर काढावा लागला.

दुसरा मार्गही आहे: आपल्या भाषेचे पास आपल्याच मधल्या रूपावर लिहायचे. रस्टनं २०१६ मध्ये 'एमआयआर' आणलं, ते याला उपयोगी पडतं. तिथे भाषेची माहिती अजून शाबूत असते. पण त्याची किंमत अशी, की ते पास फक्त रस्टच्याच कामाचे. सगळंच तिथे न्यायचं ठरवलं, तर पुन्हा त्या वीस कंपायलरच्या दिशेनं प्रवास सुरू!

म्हणून माझं मत असं, की सामायिक पास हवेतच, पण 'भाषेवर अवलंबून नाही' हे बिरुद त्यांना जन्मतः मिळू नये. दुसऱ्या, वेगळ्या नियमांच्या भाषेनं तो पास रगडून वापरला की मगच ते द्यावं. तुमच्यापैकी कोणी पास लिहीत असेल, तर प्रत्येक बदलापाशी स्वतःला विचारा: हे मी कशाच्या आधारावर करतोय, आणि तो आधार कोड घेऊन आलाय, की माझ्या सवयीच्या भाषेतून मीच आणलाय?