विवर, वाटाड्या आणि लेखक

वाटाड्याच्या सोबतीनें दोन-चार मुक्काम करून विझलेल्या ज्वालामुखीच्या विवरापर्यंत जावयाचें आणि परत येऊन त्याचें वर्णन लिहावयाचें, या लेखनप्रकाराला आतां एक ठरीव सांचा आला आहे. थंडी, दमछाक, निसरडी वाट, आणि शेवटीं कांठावर उभे राहिलेले ग्रंथकर्ते! पर्वत विझलेला असतो. लेखकाचा अहंकार तेवढा धुमसत असतो.

हा सांचा पारखून पाहण्यास बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारसारखें स्थळ नाहीं. तेथें शिखर नाहीं, सुमारें १.८ किलोमीटर रुंद आणि १५० मीटर खोल अशा विवरांत उतरावयाचें असतें. शिवाय तो ज्वालामुखीच नव्हे. सभोंवतालचा सारा प्रदेश लाव्ह्याच्या कातळाचा. म्हणून पूर्वीं तसा तर्क झाला, व तो चुकला तरी गैरवाजवी नव्हता. परंतु १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें तेथील खडकांत प्रचंड आघातानेंच घडणारी कांच दाखविली आणि उल्कापाताचा निवाडा दिला. यानंतरही ‘विझलेला ज्वालामुखी’ लिहिणारा लेखक लोणार पाहून आला नाहीं, जुनें पुस्तक पाहून आला, असेंच म्हणावें लागेल.

वाटाड्या मात्र लवणासुराची कथा सांगतो. दैत्यसूदन विष्णूनें पायाच्या अंगठ्यानें असुराच्या भूमिगत घरावरचें झांकण उडविलें, तेंच हें विवर. लेखक ही कथा एक तर हंसून सोडून देतात, नाहीं तर तींत भूशास्त्र शोधतात. दोन्ही वाटा आळसाच्या. कथा ही कथा म्हणून, सांगणाराच्या बोलींत उतरावी. खडकाची साक्ष निराळी नोंदावी.

आमच्या भंडारा जिल्ह्यांतील वाचकाची कसोटी आणखी साधी आहे. तळें म्हणजे कोहळी लोकांनीं पाळ घालून उभें केलेलें काम, हें तो लहानपणापासून पाहत आला. कोणतेंही तळें दिसलें कीं तो विचारतो: पाळ कोणाची? पाणी कोठून येतें? सांडवा कोठें? लोणारला पाळ आघातानें उसळलेल्या दगडांची. पाणी पावसाचें व झऱ्यांचें. आणि सांडवा मुळींच नाहीं. पाणी येतें, आटतें, क्षार मागें राहतात. उतारावर धारेचें गोड पाणी आणि तळाशीं खारें, हें कोडें तेवढ्यानें सुटतें.

हे तीन प्रश्न वाटाड्याला विचारणारा लेखक विरळा. प्रवासवर्णनाचें मोल चाललेल्या कोसांवर ठरत नाहीं. वाटाड्याला काय विचारलें आणि त्याचें कितपत ऐकलें, यावर ठरतें. लेखकानें स्वतःच्या श्रमांना एक ओळ द्यावी. उरलेलीं पानें स्थळाचीं आहेत.